कंपासपेटीचा मोबाइल

त्या शिक्षक दिनाला मी पर्समध्ये स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज घालून शाळेत गेले होते. सही केलेला, घडी घातलेला. मुख्याध्यापकांच्या हातात द्यायचा आणि सुटायचं, बस्स. बावीस वर्षं पंचवटीत पोरांना शिकवलं, आता पुरे.

कारण सांगते. आदल्या रविवारी मतदार यादीचं काम घेऊन द्वारका चौकाच्या बाजूला दारोदार फिरत होते. एका घरी गृहस्थ सोफ्यावर बसून टीव्ही बघत होते. मी दारातच उभी. पाणी राहू द्या, 'बसा'सुद्धा नाही. नजर टीव्हीवर ठेवूनच म्हणाले, "तुम्हा मास्तर लोकांचं बरंय, शिकवायचं सोडून हिंडायचं." अंगाचा तिळपापड झाला. अहो, मला काय हौस आहे हिंडायची? पण बोलण्याचं एवढं नाही. समोर माणूस उभं असताना वरसुद्धा बघायचं नाही, हे जिव्हारी लागलं.

तर शिक्षक दिन. आमच्याकडे त्या दिवशी मुलंच शिक्षक होतात. माझ्या सातवीच्या वर्गावर वर्गातलीच एक मुलगी बाई झाली. आई भाजीबाजारात बसते तिची. आईची ठेवणीतली साडी, खांद्याला पर्स, अगदी ऐटीत आली. मी मागच्या बाकावर बसले, कौतुकाने.

तिने फळ्यावर तारीख घातली, "उदाहरणं सोडवा" म्हणाली आणि खुर्चीत बसून कंपासपेटीवर अंगठा फिरवायला लागली. मोबाइल! पुढच्या बाकावरचा एक मुलगा उठला. "बाई, हे नाही समजलं." तिने मान वर केली नाही. "थांब रे, वरून माहिती मागितलीय, आत्ताच्या आत्ता पाठवायचीय. कपाळ माझं!"

'कपाळ माझं' हे माझं पालुपद. वर्ग खो खो हसला आणि सगळ्यांनी वळून माझ्याकडे बघितलं.

असा संताप आला! मधल्या सुट्टीत तिला गाठलंच. "माझी टिंगल करतेस होय गं?"

तिच्या डोळ्यांत पाणी. "नाही बाई, शप्पथ! तुम्ही करता तस्संच केलं. तीन दिवस आरशासमोर करून बघत होते. मला मोठेपणी बाईच व्हायचंय."

त्या गृहस्थांनी मला एकदा ताटकळत ठेवलं, तर मी आठवडाभर धुमसत होते. आणि ही पोरं रोज माझ्यासमोर तशीच उभी राहत होती. लाज वाटली. अर्ज त्या दिवशी द्यायचा राहिला.

दुसऱ्या दिवसापासून मोबाइल कपाटात, तास संपेपर्यंत बाहेर नाही. पहिल्याच तासाला आत घूं घूं सुरू झालं. वर्ग एकदा कपाटाकडे बघतो, एकदा माझ्याकडे. "वाजू दे मेल्याला," मी म्हटलं आणि त्या मुलाला विचारलं, काल काय अडलं होतं? अपूर्णांकांचा भागाकार. अख्खा तास त्यातच गेला, पण त्याला आला.

आठवड्याभरात कागद आलाच. माहिती वेळेत का पाठवली नाही, लेखी खुलासा द्या. कच्चं लिहायला पर्समध्ये कागद शोधला, तर हाताला तो अर्ज लागला. शिक्षकाच्या जातीला पाठकोरा कागद वाया घालवणं जमत नाही. उलटा केला आणि मागे लिहिलं, 'त्या वेळी मी वर्गात शिकवत होते.'