वायरीचे दात मोजणारी

मुलांनो, आजोबांचा कॅमेरा जोडला तरी कॉम्प्युटरला तो दिसत नाही, असे मी फोनवर सांगितले होते. त्यात त्यांचा शेवटचा व्हिडिओ अडकला होता. तो कोणी सोडवला, हे नीट आठवते आहे तोवर लिहून ठेवते.

वाशीमला कोर्टाजवळ एक बाई दुरुस्तीचे दुकान चालवते. ती यंत्राला लगेच हात लावत नाही, आधी डॉक्टरसारखी विचारपूस करते. मी म्हटले, "आधीच्या दुकानात एकाने तर कॅमेऱ्यातले सगळे पुसून टाका म्हणून सांगितले."

"त्याच्या बापाचं काय जाते पुसाले?" ती म्हणाली. "वायर दाखवा, आजी."

मी वायर दिली. तिच्यावर माझ्या अक्षरात 'कॅमेरा' अशी चिठ्ठी होती. बाईने वायरीच्या तोंडातल्या बारीक पट्ट्या डोकावून मोजल्या आणि ती हसली.

"चिठ्ठी झकास लावली. पण हिले चार दात पायजेत, दोनच हायेत. हे नुसती चार्जिंगची वायर. कॅम्पुटरले कॅमेरा दिसन कसा?"

तिने आपली वायर लावली. दोन मिनिटांत आजोबा पडद्यावर! व्हिडिओ सुरू होताच तिने मात्र खुर्ची भिंतीकडे वळवली.

"तुमी पाहा. घरचं घरच्यांनी पाहावं."

तो संपेपर्यंत ती तशीच बसली, आलेल्या गिऱ्हाइकालाही तिने हातानेच थांबवले.

व्हिडिओ तुम्हाला पाठवला आहे. एकेचाळीस सेकंदांचा आहे, आणि त्यात आजोबांचा आवाज शाबूत आहे.