डोळ्यावरचं कुंकू

हिलालचा दिवस पहाटे चारला सुरू व्हायचा. सुरतेतल्या बमरोलीच्या चाळीत तेव्हाच नळ यायचा. पाणी भरून, भाकरी बांधून तो शेजारच्या मगनला हाक मारायचा आणि दोघे सायकलींनी सचिन वसाहतीतल्या कापडाच्या कारखान्यात सातच्या पाळीला जायचे. दोघे शिरपूरकडचे, खोल्या लागून, विजेचं मीटरही दोघांत एक. बिल अर्धं अर्धं.

साच्यांवरचं, म्हणजे मागांवरचं काम पायांचं. धागा तुटला की साचा थांबतो. धावत जायचं, टोकं शोधायची, गाठ मारायची, सुरू करायचा, तोवर दुसरा थांबलेला. बारा तास हेच. घरी आल्यावरही पिंढऱ्या ठणकत राहायच्या.

१९९८ च्या पावसाळ्यानंतर शेठने प्रत्येक साच्यावर एक डबा बसवला. डब्याला काचेचा डोळा. फिरत्या दांड्यावरची चमकती पट्टी डोळ्याला दिसेनाशी झाली, की साचा थांबला अशी खबर तारेतून केबिनमधल्या कॉम्प्युटरवर जायची. तारा जोडणारा योगेंद्र खानदेशीच, पण सुरतेत वाढलेला. त्याने सगळ्यांना समजावलं, की गाठ मारण्यापुरतं थांबलेलं पडद्यावर येतच नाही, ते गाळून टाकलं आहे. साचा बराच वेळ थांबला तरच शेठला दिसेल.

हिलालला हे पटलं नाही. गाळणार कोण? योगेंद्र. त्याला पैसे देणार कोण? शेठ. उद्या चाळणीची भोकं बदलली तर आपल्याला कोण सांगणार? तो योगेंद्रला चहा पाजून पुन्हा पुन्हा तेच विचारायचा. मगनने ते पाहून ठेवलं होतं.

दसऱ्याला साच्यांची पूजा झाली. मगनने हौसेने आपल्या डब्यांनाही ओलं कुंकू लावलं, चांगलं ठसठशीत. हिलालने डबे तेवढे सोडले. चहाड्या सांगणाऱ्याची पूजा कशाला?

त्यानंतर मगनचे साचे पडद्यावर बंद दिसू लागले. घटकाभर सुरू, घटकाभर बंद. कापड मात्र पूर्ण निघत होतं. शेठने सोयीचा अर्थ काढला: थांबून थांबून एवढं, तर न थांबता किती? मगनचे दोन साचे काढून दुसऱ्याला देईन, असं त्याने बोलून दाखवलं. साचे गेले म्हणजे मगनची कमाई गेली.

मगन सकाळी एकटाच निघू लागला. त्याची बायको सुंदरा नळावर हिलालच्या बायकोशी, सुभद्राबाईशी, बोलेनाशी झाली. जेवणाच्या सुट्टीत मगन सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "हिलालभाऊना साचा कधी थांबत नहीत. चहा पाजेल शे ना."

लोक हसले. हिलालला वेगळाच संशय होता: योगेंद्रने तारा उलटसुलट जोडल्या असतील आणि आपलं थांबणं मगनच्या नावावर जात असेल. त्याने योगेंद्रला सगळ्यांसमोर तपासायला लावलं.

योगेंद्रने आधी कॉम्प्युटरमधली चाळणी पाहिली. ती होती तशीच होती. मग हिलालचा साचा थांबवला. पडद्यावर हिलालचाच थांबला. तारा बरोबर होत्या. शेवटी तो मगनच्या साच्यापाशी वाकला आणि डब्याच्या काचेवर बोट फिरवलं. बोट लाल झालं.

"मगनकाका, तुम्ही तर त्याचे डोळेच बांधले," तो म्हणाला आणि काच पुसली. पडद्यावर साचा चालू दिसला.

साचे मगनकडेच राहिले. हिलालला वाटलं, मिटलं. पण मगन हिलालच्या साच्यांपाशी गेला आणि एकेक डबा निरखून आला. सगळे कोरे.

"तुले आधीच मालूम व्हतं," तो म्हणाला. "नही तं तुना डब्बाले कुंकू काबर नव्हतं?"

हिलालने खरं ते सांगितलं: डब्यावर विश्वास नव्हता. यावर मगनने विचारलं, डब्यावर विश्वास नव्हता तर डबेवाल्याला चहा कसा चालत होता?

पुढचं वीजबिल आलं तेव्हा मगनने अर्धं द्यायला नकार दिला. हिलालकडचा दिवा जास्त जळतो, असं त्याचं म्हणणं. हिलालने दिवाळीचे कपडे टाळले, सुट्टीच्या दिवशीही पाळ्या केल्या, आणि त्या कमाईतून स्वतःचं वेगळं मीटर घेतलं.

मीटर लाकडी फळीवर बसलं त्या दिवशी त्याने घरातलं सगळं बंद केलं आणि मीटरच्या काचेमागची चकती फिरते का ते पाहत उभा राहिला. फिरली नाही. तरी तो हलला नाही. सुभद्राबाई कुंकवाचं ताट घेऊन आली, बोट कुंकवात बुडवून मीटरकडे नेलं. त्याने तिचा हात धरला.

"काचले नको," तो म्हणाला. "फळीले लाव."