दोन्ही बाजूंनी सारखे

अकोल्यात मी जठारपेठेत एका काकूंच्या घरी वरच्या खोलीत राहते. डोळ्यांच्या दवाखान्यात नंबर तपासण्याचं काम करते. अंधाऱ्या खोलीत समोरच्याला ‘हे स्पष्ट दिसतं की ते’ एवढंच विचारायचं असतं, गप्पा माराव्या लागत नाहीत. म्हणूनच बहुतेक मला ते जमतं. शनिवारी संध्याकाळी बडनेऱ्यापर्यंत रेल्वेने आणि तिथून ऑटोने अमरावतीला आईबाबांकडे जायचं, सोमवारी सकाळी परत यायचं, असा माझा आठवडा असतो.

पोपट काकूंचा होता. त्यांच्या मुलाने नातवासाठी आणलेला. मग मुलगा कुटुंबासह पुण्याला गेला आणि पोपट मागे राहिला. विकणाऱ्याने त्याचा एकच पंख कापला होता, उजवा. एकच कापला की पक्षी उडताना गोल फिरतो आणि लांब जात नाही, असं त्याने सांगितलं म्हणे. पिसं अगदी मुळाशी, जाड कात्रीने, एका सरळ रेघेत कापलेली होती. बसलेला असला की काही कळायचं नाही. त्याने पंख पसरले की डावीकडे हिरवा पंखा उघडायचा आणि उजवीकडे नुसती खुंटं दिसायची.

काकू त्याला सकाळी गच्चीच्या कठड्यावर मोकळा सोडायच्या. मी एकदा घाबरत विचारलं, पडला तर? त्या म्हणाल्या, इतके महिने पडला नाही. मी सहसा वाद घालत नाहीच.

एका सकाळी तो पडला. कुठल्याशा आवाजाने दचकला असेल. उडायला गेला आणि भिरभिरत थेट खाली गल्लीत आदळला. कुत्री भुंकायला लागली तशी मी अनवाणी खाली धावले आणि ओढणी टाकून त्याला उचललं. त्याने माझ्या बोटाला कडकडून चावा घेतला. छातीवरची कातडी फाटली होती, आतलं हाड दिसत होतं.

काकू दुष्ट नाहीत. त्यांनी हळद आणली. त्याला स्वतःच्या मांडीवर घेऊन बसल्या आणि म्हणाल्या, “मले आता याच्या मागं धावनं होत नाही. गुडघे गेले माये. तुले एवढी माया येऊन राहिली तं तूच घेऊन जाय त्याले.”

मी हो म्हटलं. कपडे घेतानासुद्धा मी इतक्या पटकन हो म्हणत नाही.

भाजीच्या दोन प्लास्टिकच्या टोपल्या एकावर एक बांधून मी त्याला अमरावतीला नेलं. डब्यात शेजारी बसलेल्या बाईंनी विचारलं, काय आहे यात? मी ‘कोंबडीचं पिल्लू’ म्हटलं. तेवढ्यात आतून काकूंच्या आवाजात “कोन आलं वं?” असं ऐकू आलं. बाई बडनेऱ्यापर्यंत माझ्याकडे बघून हसत होत्या.

माझे बाबा वकील आहेत. जिल्हा न्यायालयात फौजदारीची कामं करतात. दारात टोपली बघितल्यावर त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि सांगितलं, की आपल्याकडचा हा पोपट पाळणं गुन्हा आहे, तो वनविभागाकडे द्यावा लागतो. मग आत बघून म्हणाले, “वकिलाच्या घरात मुद्देमाल.” तेव्हापासून त्याचं नाव तेच पडलं. काकू त्याला मिठू म्हणायच्या, पण मिठू तर सगळ्याच पोपटांना म्हणतात.

पक्ष्यांचे वेगळे डॉक्टर आमच्याकडे नाहीत. गाई-म्हशी आणि कुत्री बघणारे एक डॉक्टर बाबांच्या ओळखीचे होते. त्यांनी छातीला टाके घातले आणि पंख उघडून बराच वेळ बघितला. ते म्हणाले, कापलेली खुंटं आपोआप वाढत नाहीत. वर्षातून एकदा जुनी पिसं गळतात, तेव्हा ती खुंटं गळून नवी पिसं येतील. पण एकदम येत नाहीत, एकेक येतात. नवीन पिसाच्या नळीत रक्त असतं आणि शेजारच्या लांब पिसांच्या आधाराने ते वाढतं. इथे शेजारी कोणी नाही. हा पडला की नेमकं नवं पीस मोडेल, रक्त जाईल, आणि पुन्हा पहिल्यापासून. त्याला पडू देऊ नका, एवढंच औषध आहे, असं ते म्हणाले. शेवटी त्यांनी बाबांना सांगितलं, “साहेब, तुम्हाला मी काय सांगू? उडायला लागला की देऊन टाका.” बाबांनी मान हलवली. खरं तर त्याच दिवशी द्यायला हवा होता, हे तिथल्या सगळ्यांना माहीत होतं. पण पिसं येईपर्यंत आपण सांभाळू, असं आमचं तिघांचं न बोलता ठरून गेलं.

बाबांच्या ऑफिसच्या खोलीत पक्षकारांना बसायला जुन्या गाद्या होत्या. त्या हॉलमध्ये भिंतीपासून भिंतीपर्यंत अंथरल्या. पिंजरा आणला आणि त्यातली दांडी खाली, वीतभर उंचीवर बांधली. कोणी आलं की पिंजरा आतल्या खोलीत नेऊन त्यावर चादर टाकायची. पण चादरीखालून तो “कोन आलं वं?” असं विचारायचाच, आणि बाबा पाहुण्यासमोर जोरात खोकायचे. आमच्या घरात याआधी कधी काही लपवलेलं मला आठवत नाही.

मी अकोल्याहून मोबाईलवर पोपटांच्या पिसांबद्दलचे व्हिडिओ शोधायचे. सगळे इंग्रजीत. आईला समजावताना मला शब्द सापडायचे नाहीत, तर तीच म्हणाली, रक्ताचं पीस म्हण ना, त्यात काय. मग आम्ही तसंच म्हणायला लागलो. पहिलं रक्ताचं पीस आलं आणि आठवड्याच्या आत मोडलं. तो गाद्यांवरून चालत दारापाशी गेला, तिथे उंबऱ्यावरून नुसता उडी मारायला गेला आणि कलंडला. आईने रक्त थांबवायला कॉर्नफ्लॉवर दाबून धरलं आणि मला व्हिडिओ कॉल केला. व्हिडिओत भिंतीवर लाल शिंतोडे दिसत होते आणि बाबा कोर्टाच्या काळ्या कोटातच जमिनीवर बसले होते. दुसरं पीस आलं, तेही तसंच गेलं. त्या वर्षी एकही पूर्ण झालं नाही. मी दवाखान्यात लोकांना अक्षरं वाचायला सांगायचे आणि मनात तेच चालू असायचं, की आता या क्षणी तो कुठे चढला असेल.

बाबांचं आणि त्याचं कसं जमलं, ते मी शनिवार-रविवारच्या तुकड्यांतून बघितलं. आधी बाबा त्याला लांबून मिरची द्यायचे. मग तो त्यांच्या खांद्यावर बसून पेपर कुरतडायला लागला. संध्याकाळी बाबा कोर्टातून येताना त्याच्यासाठी पेरू आणायचे आणि स्वतः चिरायचे, बी काढून. आई म्हणाली, “लग्नाला एवढे वर्ष झाले, मले कधी याइनं पेरूची फोड देली नाही.” बाबा म्हणाले, तू चावत नाहीस ना म्हणून. आई म्हणाली, चावायला लागते मग उद्यापासून. मी त्यांना इतकं हसताना खूप दिवसांनी बघत होते. तेव्हाच मला थोडी काळजी वाटली होती. पण ती कशाची, ते मला नीट सांगता आलं नसतं.

मधे एकदा बाबांनी फोनवर विचारलं, त्या विकणाऱ्याचं नेमकं चुकलं काय? मी त्यांना एक व्हिडिओ पाठवला. चुकीचा कापलेला पंख आणि बरोबर कापलेला पंख यातला फरक दाखवणारा. एका बाजूचा कापला तर तोल जातो. मुळाशी कापला तर पक्षी दगडासारखा पडतो आणि छाती फुटते. बाबांनी तो दोनदा बघितल्याचं आईने सांगितलं. मला बरं वाटलं.

पुढच्या वर्षी पिसं आली आणि टिकली. एकाच्या आधाराने दुसरं, दुसऱ्याच्या आधाराने तिसरं. पावसाळा संपताना उजवा पंख डाव्यासारखा दिसायला लागला. एका रविवारी तो बाबांच्या खांद्यावरून उडाला आणि पडद्याच्या दांडीवर जाऊन बसला. गोल फिरला नाही, सरळ गेला. आई हातातलं ताट तसंच धरून उभी राहिली. मी बाबांकडे बघितलं. ते उठले आणि पंख्याचं बटण बंद करून आले. म्हणाले, आता हा बंदच ठेवत जा. बस, एवढंच. मी म्हटलं, डॉक्टरांना सांगायचं ना? ते म्हणाले, सांगू. जरा बळ येऊ दे पंखात.

पुढच्या आठवड्यात व्हिडिओ कॉलवर बाबा पोपटाला कॅमेऱ्याच्या अगदी जवळ धरायचे. नुसती चोच आणि डोळा दिसायचा. मी म्हणायचे, उडतोय का, दाखवा ना. ते म्हणायचे, आत्ता झोपेला आला आहे. आई कॉलवर येत नव्हती.

शनिवारी घरी पोचले तेव्हा तो टेबलाच्या पायाला धरून चोचीने आधार घेत खाली उतरत होता. मी त्याला हातावर घेतलं आणि पंख उघडला. मग दुसरा उघडला. दोन्हीकडची टोकाकडची पिसं कापलेली होती. मुळाशी नाही, बेताने, एका लांबीत. खालची छोटी पिसं तशीच ठेवलेली. व्हिडिओत दाखवतात अगदी तशी.

बाबा मागे उभे होते. “यावेळी दोन्ही बाजूंनी सारखे कापले,” ते म्हणाले. “तोल जात नाही त्याचा. मी बघितलं पाडून, म्हणजे गादीवर. हळूच उतरतो.”

ते माझ्या उत्तराची वाट बघत होते. शाळेत असताना मी त्यांना प्रगतिपुस्तक दाखवायचे, तेव्हा मी अशी उभी राहायचे.

काय झालं ते आईने स्वयंपाकघरात सांगितलं. मंगळवारी कोणीतरी पक्षकार दार उघडं टाकून आत आला आणि पोपट बाहेर उडाला. कंपाऊंडच्या बदामाच्या झाडावर जाऊन बसला. कावळे जमले. त्यांनी त्याला चोची मारायला सुरुवात केली. बाबा खालून मिरची दाखवत होते, कावळ्यांवर खडे मारत होते, रडवेल्या आवाजात हाका मारत होते आणि शेजारचे गच्चीवर येऊन बघत होते. शेवटी तो स्वतःच खाली आला, कपाळावर रक्त घेऊन. “त्या दिवशी तुया बाबा जेवले नाही,” आई म्हणाली. “दुसऱ्या दिवशी कात्री आणली. म्या म्हटलं, पोरीले विचारा. तं म्हणे, तिनंच तं शिकवलं.”

मला खूप राग यायला हवा होता. पण बदामाच्या झाडाखाली उभे असलेले बाबा माझ्या डोळ्यांसमोरून जात नव्हते. आणि कावळ्यांची भीती मी खोटी म्हणू शकत नव्हते. पंख नव्हता तेव्हा तो गल्लीत पडला, पंख आला तेव्हा कावळ्यांत सापडला. रात्री पिंजऱ्याजवळ बसून मी एवढाच विचार करत होते की पुढच्या वर्षी पुन्हा पिसं येतील. पुन्हा तो पडद्याच्या दांडीवर जाईल. आणि बाबा पुन्हा घाबरतील. ते प्रेमाने करतील आणि नीट करतील. दरवर्षी.

सकाळी चहाच्या वेळी मी म्हटलं, आज याला देऊन येऊ. वनविभागाचं उपचार केंद्र शहराच्या बाहेर आहे, मी पत्ता काढून ठेवला होता.

बाबा म्हणाले, “उडायला लागला की द्यायचं ठरलं होतं. आता तर उडत नाही.” ते थोडं हसले. कोर्टात मुद्दा सापडल्यावर हसतात तसं.

मी म्हटलं, “बाबा, आपल्या घरात तो कधीच उडणार नाही.”

त्यांनी कप खाली ठेवला. मग आई उठली आणि चादर घेऊन आली. पहिल्यांदाच ती चादर पिंजरा लपवायला नाही, तर पोपटाला उन्हापासून सांभाळायला टाकत होती. बाबा आत गेले. मला वाटलं ते येणार नाहीत. ते पँट-शर्ट घालून, गाडीची किल्ली घेऊन आले.

केंद्रात एक मध्यमवयीन गृहस्थ होते. त्यांनी पिंजरा टेबलावर ठेवून पोपटाला अलगद बाहेर काढलं, छातीवरची जुनी जखम बघितली, कपाळाची नवी बघितली. मग पंख उघडले. म्हणाले, हे सफाईने कापले आहेत. अलीकडेच. कोणी कापले?

मी काहीतरी सांगायला तोंड उघडलं. काय सांगणार होते ते मला माहीत नाही, बहुधा अकोल्याच्या त्या विकणाऱ्याबद्दलच. बाबा माझ्या आधी बोलले.

“मी,” ते म्हणाले.

गृहस्थांनी वर बघितलं. बाबा त्यांच्या पक्षकारांना नेहमी बजावतात की विचारलं तेवढंच उत्तर द्या, पुढचा एक शब्दही बोलू नका. गृहस्थांनी पुढे काहीच विचारलं नव्हतं.

“मी वकील आहे,” बाबा म्हणाले. “कायदा मला माहीत होता. तो उडाला आणि मी कापले.”

गृहस्थांनी अलगद पंख मिटवले. मग म्हणाले की असा पक्षी घरात सापडला असता तर केस झाली असती, स्वतः आणून दिलात हे चांगलं केलंत. पिसं पुढच्या गळतीत येतील. तोवर तो बाकीच्या पोपटांबरोबर मोठ्या जाळीत राहील. भेटायला येऊ नका, त्याला माणसांची सवय सुटली पाहिजे. बाबांनी विचारलं, पेरू देता का? ते म्हणाले, देतो. बाबांनी विचारलं, बी काढून? मी बाबांचा हात धरला. मोठी झाल्यापासून मी तो कधी धरला नव्हता.

परत येताना गाडी मी चालवली. ते शेजारी रिकामा पिंजरा मांडीवर घेऊन बसले होते. मी म्हटलं, मागे ठेवा ना. ते म्हणाले, राहू दे.

अजून पिसांचे दिवस आलेले नाहीत. मी केंद्राला एकदा फोन केला होता, तो नीट खातो एवढंच त्यांनी सांगितलं. तो उडेल की नाही, मला माहीत नाही. शनिवारी मी घरी जाते तेव्हा हॉलमधला पंखा पुन्हा चालू असतो.