बिरूभाऊ कुठं बघत होते

बिरूभाऊंच्या प्राजक्ताचा फोन आला तेव्हा मी एका लग्नात होते. मंगलाष्टका सुरू झाल्या होत्या, अक्षता उडत होत्या आणि कंबरेच्या पिशवीत फोन थरथरत होता. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. लग्न लागताना आम्ही फोन उचलत नाही. तो नियम बिरूभाऊंनीच घालून दिलेला. शेवटच्या 'सावधान'नंतर वाजंत्री सुरू झाली, मी मांडवाच्या कडेला गेले आणि फोन लावला. पलीकडून प्राजक्ता म्हणाली, "आत्या, पप्पा गेले." सकाळी चहा घेऊन अंगणात खुर्चीवर बसले होते, कप खाली ठेवला आणि... मी मागे वळून पाहिलं. नवरा-नवरी हार घालायला उभे होते आणि सगळे माझ्याकडे बघत होते, फोटोसाठी थांबले होते. मी फोटो काढले. सप्तपदी होईपर्यंत थांबले. मग सोबतच्या मुलीच्या हातात कॅमेरा देऊन भाऊंच्या गावी, वरकुट्याला निघाले.

बिरूभाऊ माझे सख्खे भाऊ नव्हते. चौदा वर्षांपूर्वी मी पिंपळीहून बारामतीत त्यांच्या स्टुडिओत आले, ती हळदीचे आणि बायकांकडचे फोटो काढायला बाई हवी होती म्हणून. भाऊ व्हिडिओ करायचे, मी फोटो. पुढं स्टुडिओच्या पाटीवर त्यांनी माझंही नाव लिहून घेतलं, मला न विचारता. पहिल्याच लग्नात मी कॅमेरा घेऊन नवरीच्या मागं मागं पळत होते. जेवणाच्या वेळी त्यांनी मला बाजूला बोलावलं. "रेखा, नवरीकडं समदेच बघत्यात. तू का बघतीस?" मला कळेना. मग त्यांनी त्यांच्या आजोबांची गोष्ट सांगितली. त्यांच्या घरी पूर्वी मेंढरं होती. लहानपणी भाऊ आजोबांबरोबर इंदापूरच्या माळावर जायचे. "समदी मेंढरं मान खाली घालून चरत असत्यात. त्यातलं एकच चरायचं थांबतंय आन् मान वर करतंय. आज्जा म्हणायचा, त्याच्याकडं बघ. लांडगा त्याला दिसलाय, तुला न्हाय दिसला." मांडवातही तसंच असतं, असं त्यांचं म्हणणं. जो चालता चालता थांबला, ज्याचा हसता हसता हात खाली आला, त्याच्याकडं कॅमेरा न्यायचा. मी पुढची चौदा वर्षं तेच केलं.

करोनात लग्नं बंद झाली आणि आम्ही दोघंही घरी बसलो. प्राजक्ता तेव्हा इंजिनिअरिंगला होती. दिवसभर कम्प्युटरवर बंदुकांचा एक खेळ खेळायची आणि त्याचे जगभरातले सामने बघायची. भाऊ तिच्या पाठीमागे खुर्ची टाकून बसायला लागले. मी फोन केला की हेच ऐकवायचे. पाच-पाच जणांचे दोन संघ. एका संघानं ठरलेल्या जागी बॉम्ब ठेवायचा, दुसऱ्यानं तो फुटायच्या आत निकामी करायचा. प्रत्येक खेळाडूला फक्त आपल्या डोळ्यांपुढचं दिसतं. मग प्रेक्षकांनी बघायचं कुणाच्या डोळ्यांनी? ते ठरवायला पडद्यामागं एक माणूस बसवलेला असतो. त्याला ऑब्झर्व्हर म्हणतात. त्याच्या कीबोर्डवर एकपासून शून्यापर्यंतची दहा बटणं म्हणजे दहा खेळाडू. तो जे बटण दाबेल, त्या खेळाडूच्या डोळ्यांतून सगळं जग बघतं. "आन् रेखा, ह्यो गडी चुकीच्या जागी बघतोय!" भाऊ फोनवर चिडून सांगायचे. "तिकडं एक पोरगं कवाचं गप उभं ऱ्हायलंय. आन् हा कुठं बघतोय बग!"

मला हसू यायचं. पण करोना सरल्यावर बारामतीतल्या कॉलेजच्या मुलांनी एका मंगल कार्यालयात या खेळाची स्पर्धा भरवली आणि मोठा पडदा, कॅमेरे, थेट प्रक्षेपण यासाठी आमचा स्टुडिओ ठरवला. ज्या स्टेजवर आम्ही शेकडो नवरा-नवरी उभे केले, तिथं दहा कम्प्युटर मांडले गेले. पुण्याहून येणारी ऑब्झर्व्हर मुलगी आजारी पडली, आलीच नाही. मुलं घाबरली. भाऊ म्हणाले, "मी बसू का?" मुलं एकमेकांकडं बघायला लागली. डोक्याला टोपी, पन्नाशीचा माणूस. पण दुसरं कुणी नव्हतं. भाऊ बसले आणि पहिल्या अर्ध्या तासात कार्यालयातला आवाज बदलला. ते जिथं बघायचे तिथं दोन क्षणांनी काहीतरी घडायचं. आधी पोरं चकित झाली. मग पडद्यावरचं चित्र बदललं की आता काय होणार म्हणून आधीच ओरडायला लागली. संध्याकाळी सामान गाडीत भरताना भाऊ मधेच पायरीवर बसले. मला वाटलं दमले. म्हणाले, "दमलो न्हाय गं. लई दिवसांनी माळावर गेल्यासारखं वाटलं."

पुढं पुणे झालं, हैदराबाद झालं, दिल्ली झाली. आणि मग बँकॉक. आंतरराष्ट्रीय स्पर्धा, जगभरचे संघ, तीन ऑब्झर्व्हर आणि त्यांतले तिसरे आमचे भाऊ. सांगायला ते सकाळी सकाळी स्टुडिओत आले. मी तारखा ऐकल्या आणि माझं डोकं फिरलं. ऐन वैशाख. पणदऱ्याच्या एका मोठ्या घरचं लग्न त्यांच्या नावावर ठरलेलं.

"तू कर की व्हिडिओ," ते म्हणाले.

"मी कधी केलाय?"

"कवा तरी करशीलच की."

मी नको ते बोलले. म्हणाले, "भाऊ, तिकडं तुम्हाला कुणी ओळखत नाही. आणि तुम्ही हितली माणसं सोडून पोरांच्या खोट्या बंदुका बघायला निघालात." ते टेबलावरची लेन्सची टोपणं एकात एक घालत बसले. मग म्हणाले, "लग्नात पुढं काय व्हणार ते समद्यांना ठावं असतं, रेखा. तिकडं कुनालाच ठावं नसतं."  ते निघाले तेव्हा मी त्यांना सोडायलाही गेले नाही.

पणदऱ्याचं लग्न मी एकटीनं केलं, कसंबसं. अंतिम सामना त्यानंतर दोन दिवसांनी, दुपारी होता. मी स्टुडिओचं शटर अर्धं ओढून कम्प्युटरपुढं बसले. शेवटच्या फेऱ्यांना भाऊ बसणार हे प्राजक्तानं कळवलं होतं. मला खेळातलं फार कळत नव्हतं, पण भाऊंचं बघणं मी ओळखत होते. चित्र बदललं की मला वाटायचं, व्हय, मीही तिकडंच बघितलं असतं. शेवटची फेरी आली. बॉम्ब ठेवून झाला होता. तो निकामी करणाऱ्या संघाचे दोघंच उरले होते. त्यांच्यातला एक बॉम्बकडं धावत निघाला, पुढं धूर, धुरापलीकडं शत्रू. दुसरा म्हणजे सात नंबरचा खेळाडू. तो एका भिंतीमागं थांबला. बंदूक खाली केली. आणि भाऊंनी सात दाबला.

जगभरातले लोक त्या भिंतीकडं बघत राहिले. एक क्षण, दोन, पाच... सात नंबर हलेना. आणि तेवढ्यात पलीकडं, धुरातून उडी मारून, समोरच्या खेळाडूनं अशी एक गोळी घातली की त्या एका गोळीवर स्पर्धा संपली. धावणारा पडला, बॉम्ब फुटला. ती गोळी कुणीच पाहिली नाही. सगळ्यांनी पाहिली ती भिंत. समालोचक ओरडत होते आणि पडद्यावर काहीच नव्हतं. मग घाईघाईनं गोळीचं चित्र पुन्हा दाखवलं गेलं. चित्राखाली, बघणारे लिहितात त्या जागी, लोकांच्या शिव्या धावत होत्या. कोण आहे हा, हाकला याला. सगळं इंग्रजीत, तरी समजत होतं.

आता जे लिहितेय ते मी कुणाला सांगितलेलं नाही. त्या शिव्या वाचताना मला वाईट वाटलं, खूप वाटलं... पण त्याच्याआधी, अगदी एक क्षण, मला बरं वाटलं होतं. आता परत बोलावणार नाहीत. आता भाऊ हितंच राहतील.

तीन दिवसांनी ते पुण्याच्या विमानतळावरून घरी न जाता बॅगेसकट थेट स्टुडिओत आले. मी पाणी दिलं. मीच म्हणाले, "तुमचं काही चुकलं नाही, भाऊ. तो थांबला होता ना? तुम्ही बरोबर बघितलं."

"न्हाय, रेखा. चुकलं माझं." ते शांतपणे म्हणाले. "मेंढरू मान वर करतंय तवा दरवेळी लांडगाच असतोय असं न्हाय. कवा कवा ते दमल्यालं असतंय."

मग त्यांनी सांगितलं, दुसऱ्या दिवशी हॉटेलात नाष्ट्याला तो सात नंबरचा मुलगा कोपऱ्यात एकटाच बसलेला. बावीस-तेवीस वर्षांचा. पुढं रिकामी ताटली. भाऊंना त्याची भाषा येत नव्हती, त्याला भाऊंची. भाऊ खोलीवर गेले, वहिनींनी बांधून दिलेले शेंगदाण्याचे लाडू घेऊन आले आणि समोर बसून म्हणाले, "खा." मराठीतच. त्यानं एक खाल्ला. मग दुसरा. मग डोळे पुसले आणि तिसरा खाल्ला. "काय बोलणं न्हाय, काय न्हाय," भाऊ हसत म्हणाले. "डबा संपला." तेवढ्यात त्यांची नजर माझ्या कम्प्युटरवर गेली. पणदऱ्याचं लग्न उघडंच होतं. ते उभ्यानं अर्धा तास बघत राहिले. "दोन जागी लई चांगलं बघितलंस," म्हणाले आणि बॅग उचलून वरकुट्याची गाडी गाठायला गेले. मी नको ते बोलले होते त्याचा विषय ना त्यांनी काढला, ना मी.

त्यानंतर वर्षभर, काम नसलं की दुपारी चहा घेताना ते शेवटच्या फेरीची ती दहा सेकंदं लावायचे. पुन्हा पुन्हा. मला म्हणायचे, "ही उजवीकडची कड बग. धूर हलला व्हता. मला दिसाय पायजे व्हतं." त्यात कुठंही रडगाणं नव्हतं. नवीन लेन्स आली की ती समजून घेतात तसं ते स्वतःची चूक समजून घेत होते. आणि यंदा पुन्हा बोलावणं आलं. त्याच स्पर्धेचं. पहिल्यांदा मला सांगितलं, दारात उभं राहून, जरा बिचकतच. मी म्हटलं, "जा भाऊ. लग्नं मी बघते." त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते बघायला माझ्या हातात कॅमेरा हवा होता. मनात मी ठरवलं, परत आले की त्या दुपारचं सांगून टाकायचं. मला बरं वाटलं होतं ते. पण जायला तीन आठवडे राहिले होते आणि...

दहाव्याला वरकुट्याला गेले. पाहुणे उठल्यावर प्राजक्ता माझ्याजवळ येऊन बसली. इकडचं तिकडचं बोलता बोलता बँकॉकचा विषय निघाला. ती म्हणाली, "पप्पांनी तिकडून आल्यावर आम्हाला एक गोष्ट सांगितली होती. म्हणाले, मी चुकलो ते बघून रेखाला बरं वाटलं असणार." मी उठायला लागले. तिनं माझा हात धरला. "अहो आत्या, चिडून नाही म्हणाले. हसत होते. म्हणाले, स्टुडिओत गेलो तवा तिच्या तोंडावर दिसलं. कुनाला तरी आपण परत यावं वाटतंय, हे काय वाईट हाय व्हय?"

गेल्या आठवड्यात ती स्पर्धा झाली. शनिवारी दुपारी मी स्टुडिओत भाऊंच्या खुर्चीवर बसून अंतिम सामना बघितला. तो मुलगा यंदाही होता, यंदाही सात नंबर, जरा भरलेला, दाढी ठेवलेली. भाऊंच्या जागी दुसरं कुणीतरी बसलं होतं. त्यानं एकही चूक केली नाही. प्रत्येक गोळी, प्रत्येक पडलेला माणूस, सगळं जिथल्या तिथं दाखवलं. सामना रंगात आला, सगळे एका बाजूला धावले, चित्रही त्यांच्याबरोबर धावलं. कोपऱ्यातल्या छोट्या नकाशावर सातचा ठिपका तेवढा मागं थांबला होता. तो दमला होता की त्याला काही दिसलं होतं, मला कळेना. भाऊंना कळलं असतं, किंवा त्यांनाही कळलं नसतं, पण त्यांनी बघितलं असतं. माझा हात आपोआप त्यांच्या कीबोर्डवर गेला आणि मी सात दाबला.

चित्र बदललं नाही. मी पुन्हा दाबला.