राणीचा एकच प्रयोग

नाट्यगृहाच्या माहितीसंग्रहात काम करणाऱ्या बाईंना सगळे गाठताई म्हणत. आधी वीस वर्षं त्या पडद्यांच्या दोऱ्या सांभाळत. गुडघे कुरकुरायला लागले तेव्हा वरच्या मजल्यावर संगणकासमोर बसल्या. "इथेही दोऱ्याच आहेत," त्या म्हणायच्या, "फक्त हाताला लागत नाहीत." एका टोकाला माणूस, दुसऱ्या टोकाला नाटक, मध्ये रेघ. अशी सगळी जुनी नाटकं त्यांनी जोडली होती.

या जुन्या नाटकांचं प्रदर्शन उद्या उघडणार, आणि आज राणी तणतणत जिना चढून आल्या. राणी म्हणजे एकेकाळची गाजलेली नटी. त्या भूमिकेवरूनच हे नाव पडलेलं. मागोमाग धापा टाकत प्रॉम्प्टरबाई. विंगेत बसून नटांना विसरलेली वाक्यं पुरवण्यात त्यांचा जन्म गेला होता.

"खाली प्रदर्शनातल्या पडद्यावर काय झळकतंय बघा! म्हणे ही एकशे एकोणचाळीस प्रयोगांत राणी झाली. मग मी काय माश्या मारत होते?"

"अहो, मी कुठे तसं म्हणतेय?" प्रॉम्प्टरबाई काकुळतीला आल्या. "मी एकदाच उभी राहिले. यांचा पाय मुरगळला होता तेव्हा."

आवाज ऐकून वर आलेल्या नाट्यगृहाच्या व्यवस्थापकांना भांडण नको होतं. "तो एक प्रयोग काढूनच टाका. एकानं काय बिघडतंय?"

प्रॉम्प्टरबाईंचा चेहरा खर्रकन उतरला. त्यांच्या वाट्याला टाळ्या आल्या होत्या त्या तेवढ्या एका दिवशी.

"काही काढायचं नाही. चूक माझी आहे," गाठताई म्हणाल्या. त्यांनी प्रॉम्प्टरबाईंची दोन कामं आणि दोन आकडे सरळ नावालाच टांगले होते. कुठला आकडा कुठल्या कामाचा, हे बिचाऱ्या यंत्राला कळणार कसं? रेघेवर काही टांगता येत नाही. तिथे मधोमध गाठच मारावी लागते.

मग त्यांनी प्रत्येक कामाची वेगळी गाठ मारली, आणि प्रत्येक गाठीतून पाच धागे काढले: कोण, कुठलं नाटक, काय काम, कधी आणि किती. पहिली गाठ: प्रॉम्प्टर, एकशे एकोणचाळीस प्रयोग. दुसरी: राणी, एक प्रयोग, तारखेसकट. राणींचा राग अर्ध्यावर आला.

"आता त्या दिवशी प्रॉम्प्टिंग कुणी केलं ते सांगा," गाठताई सवयीनं म्हणाल्या. "तीही गाठ मारायला हवी."

प्रॉम्प्टरबाई पदराशी चाळा करू लागल्या.

"मी," राणी अखेर म्हणाल्या. "सुजलेला पाय स्टुलावर टाकून विंगेत बसले होते. सांगायची लाज वाटली. राणीनं प्रॉम्प्टर व्हायचं म्हणजे... आणि उपयोग काय? ही मेली एक शब्द विसरली नाही. नुसती पानं उलटत बसले."

"विसरले होते," प्रॉम्प्टरबाई हळूच म्हणाल्या. "तिसऱ्या अंकात. तुम्ही वाक्य दिलंत."

"इतकं लक्षात आहे तुझ्या?"

"जन्मभर लोकांना वाक्यं पुरवली, बाई. मला कुणी पुरवलं ते त्या एकदाच."

राणींनी नाक ओढलं, खुर्ची पुढे सरकवली आणि प्रॉम्प्टरबाईंना तीत बसवलं. मग गाठताईंना हुकूम सोडला, "हं, मारा तिसरी गाठ. प्रॉम्प्टर, एक प्रयोग. आणि माझं नाव नीट ठळक येऊ दे."