उताराला लागणारं वजन

पेट्रोल शंभरीच्या पार गेलं तेव्हा आमच्या वाडीत कुणी मोर्चा काढला नाही, की कुणी गाडी विकली नाही. सगळ्यांनी गुपचूप एकच केलं. घरातून निघताना गाडी चालू करायचंच सोडून दिलं.

म्हणजे काय, ते सांगतो. आमची वाडी पोलादपूरच्या वर, डोंगरात. शेवटच्या घरापासून खाली मोठ्या रस्त्यापर्यंत आठ-नऊ किलोमीटर, आणि ते जवळजवळ सगळे उताराचे. पूर्वी या उताराला आम्ही शिव्याच घालायचो, कारण संध्याकाळी घरी येताना तोच चढ होतो. पण पेट्रोल महागलं आणि साक्षात्कार झाला की अरे, अर्धा रस्ता तर देवानं फुकट दिलाय! दारात गाडी न्यूट्रलवर टाकायची, पायानं दोनदा रेटायची, किल्ली बंद, आणि बसायचं गुमान. खाली हायवेला लागल्यावर मग किक मारायची.

किल्ली बंद म्हणजे हॉर्नही बंद, हे आमच्या ध्यानात उशिरा आलं. आवाज न करता मोटरसायकली वळणावरून यायला लागल्या आणि रस्त्यात भात वाळत घालणाऱ्या बायका किंचाळायला लागल्या. एकीनं तर माझ्या अंगावर सूपच फेकलं. "मेल्या, भुतासारखा काय येतोस?" यावर तोड म्हणून एकानं गोठ्यात टांगून ठेवलेली, विकलेल्या बैलाची घंटा काढून हँडलला बांधली. आठवड्याभरात सगळ्यांच्या हँडलला घंटा. सकाळी साडेसातला आम्ही कामावर निघालो की वाडीतून गुरं सुटल्यासारखं वाटायचं. बैल विकून गाड्या घेतल्या होत्या, घंटा मात्र उपयोगाला आल्या.

पोलादपुरातला आमचा मेकॅनिक हसून बेजार. "पेट्रोल वाचवलंत ना? आता ब्रेकचे लायनर घाला," म्हणायचा. उतारावर इंजिनाचा आधार नाही म्हटल्यावर सगळा भार ब्रेकवर येणार, हे शेंबड्या पोरालाही कळेल. आम्हाला कळत नव्हतं असं नाही. पण लायनर कधी तरी संपतात आणि पेट्रोल रोज संपतं, त्यामुळे आम्ही त्याचं ऐकून न ऐकल्यासारखं करायचो.

या सगळ्या उतारात खोट एकच. अर्ध्या वाटेवर ग्रामदेवीचं देऊळ आहे, तिथं रस्ता मध्येच अंगावर येतो. फार नाही, शे-दीडशे पावलांची चढण. तेवढी पार झाली की पुन्हा उतार. पण बंद गाडी तेवढंही चढत नाही. माझी तर रोज माथ्याच्या चार हात अलीकडे गचके खाऊन थांबायची. चार हात! मग किक मारा, नाहीतर उतरून ढकला. मी ढकलायचो. कारखान्यात पोचेपर्यंत सदरा पाठीला चिकटलेला. बायको म्हणायची, "अहो, तेवढ्यासाठी किक मारली तर काय दिवाळं निघणाराय?" तिला काय कळणार! प्रश्न पेट्रोलचा राहिलाच नव्हता. प्रश्न त्या चार हातांचा होता.

आता आईचं सांगतो, कारण सगळं घडलं ते तिच्यावरून.

माझी मावशी बिरवाडीत राहते, तिच्या धाकट्या मुलाकडे, भाड्याच्या दोन खोल्यांत. माझा कारखाना तिथून हाकेच्या अंतरावर. म्हणून वर्षानुवर्षांचा नेम असा की दर शनिवारी आई माझ्यामागे गाडीवर बसायची, मी तिला मावशीच्या दारात सोडायचो आणि संध्याकाळी पाळी सुटली की घेऊन यायचो. दोघी बहिणी दिवसभर काय करायच्या? काही नाही. तांदूळ निवडायच्या, कुणाकुणाची उणीदुणी काढायच्या, आणि ओरडायच्या. ओरडायच्या, कारण मावशीला ऐकू येत नाही. अगदी कानाशी तोंड नेऊन बोललं तरच थोडं कळतं. फोनवर ती एकटीच बोलते आणि बोलून झालं की ठेवून देते.

पेट्रोल वाढलं तेव्हा मी आईला म्हटलं, "दर शनिवारी कशाला? महिन्यातून एकदा जा. येताना डबलसीट चढाला गाडी किती पेट्रोल खाते ठाऊक हाय काय?" ती "बरं" म्हणाली. आई कधी वाद घालत नाही. हा तिचा मोठा दुर्गुण आहे. वाद घातला असता तर मी दोन वाक्यांत हरलो असतो.

मग एका शनिवारी सकाळी आमच्या शेजारच्या काकांना महाडला जायचं होतं. काका मुंबईत नोकरी करून निवृत्त होऊन आलेले. देह दांडगा, आवाज त्याहून दांडगा. चवदार तळ्याच्या बाजूला एका न्हाव्याकडेच दाढी करायची, असा त्यांचा हट्ट. "बिरवाडी फाट्यापर्यंत घेतोस काय रे? पुढं रिक्षा हाय. येताना मी एस्टीनं येईन." शेजारधर्म म्हणून घेतलं. मनात म्हटलं, आज मेलो, देवळाच्या चढणीवर यांनाही ढकलावं लागणार.

आणि काय सांगू! काकांच्या वजनानं गाडी उतारावर अशी सुटली की घंटा वाजायचीच थांबली, नुसती आडवी लटकत राहिली. मी देवीचं नाव घेतलं. चढण आली, गाडी चढली, मंदावली, मंदावली, आणि माथ्यावर पोचून टुपकन पलीकडे उतरली. बंद इंजिनावर! मी हँडल सोडून हात जोडणार होतो. काका मागून म्हणाले, "अरे, गाडी चालू कर ना आता." मी म्हटलं, "काका, तुम्ही रोज का नाय येत?"

ही बातमी वाडीत दुपारच्या आत पसरली. दुसऱ्या दिवसापासून वाडीतल्या जाडजूड माणसांना भाव आला. ज्यांना आजवर कुणी "बसा मागे" म्हटलं नव्हतं त्यांच्या दारात सकाळी दोन-दोन गाड्या. "वहिनी, पोलादपूरला यायचंय काय? काही काम नसलं तरी चला!" आमच्याकडे पहिल्यांदाच असं झालं की "जाड झालास रे" म्हटलं तर माणूस खूश व्हायचा. काकांना मी दर शनिवारी निघताना विचारायचो, "न्याहारी झाली ना पोटभर? उपाशी नका येऊ हां." बायको ते ऐकून कपाळाला हात लावायची.

अर्थात जी वजनं खाली न्यायला बरी, ती वर आणायला कुणाला नको होती. सगळे त्यांना खाली सोडून मोकळे. दुपारी पोलादपूरच्या स्टँडवर आमच्या वाडीची सगळी भारदस्त मंडळी एका बाकावर, एस्टीची वाट बघत. एक दिवस एस्टी आलीच नाही आणि त्या बाकाचा एक पाय वाकला. कंडक्टरनं म्हणे विचारलं, "तुमच्या वाडीत बारीक माणसं नाहीत काय?" बारीक माणसं होती. ती वाडीतच बसून होती.

एका रात्री जेवताना मी माझ्या चढणीच्या बढाया मारत होतो तेव्हा आई म्हणाली, "मावशीचा थोरला तिला मुंबईला नेणार हाय. दिवाळी झाली की. कायमची." मी म्हटलं, "बरं झालं, तिकडं कानाचे डॉक्टर चांगले असतात." ती म्हणाली, "शनिवारी येऊ काय तुझ्याबरोबर?" मी भाकरी मोडत म्हटलं, "दिवाळीला वेळ हाय अजून. आणि आई, तू पिसासारखी हलकी. तुला मागं बसवून चढण पार होत नाय." पोरं हसली. मीही हसलो. आईही हसली असावी.

त्यानंतरचे दोन शनिवार मी काकांना नेलं.

तिसऱ्या शनिवारी सकाळी मी गाडी दारात वळवून काकांना हाक मारणार, तेवढ्यात आई बाहेर आली. चांगलं लुगडं नेसलेली, आणि उंबऱ्यावर एक पिशवी. शिवलेली, जाड गोणपाटाची, तोंड सुतळीनं आवळलेलं. म्हणाली, "आज काकाला नको नेऊ. मी येते. मावशीला नवे तांदूळ द्यायचे हायत." मी पिशवी उचलायला गेलो तर उचलेना. "एवढे तांदूळ?" "मुंबईला घेऊन जाईल ती. ठेव तुझ्यापुढं टाकीवर." खरं सांगतो, मला त्या क्षणी मावशी आठवली नाही. मला चढण आठवली. म्हटलं, पिशवी आणि आई मिळून काकांच्या जवळपास जातंय की!

काका कुंपणापाशी तेल लावून, भांग पाडून तयार. मी म्हटलं, "काका, आज तांदूळ हायत." त्यांचं तोंड बघण्यासारखं झालं.

निघालो. आई एका बाजूला पाय सोडून बसली, एक हात माझ्या खांद्यावर. एरवी ती उतारावर "हळू रे, हळू" म्हणते. त्या दिवशी एक शब्द नाही. देवळाच्या अलीकडच्या वळणावर तर मलाच वाटलं जरा ब्रेक लावावा, तर मागून आवाज, "लावू नको." चढण आली. गाडी मंदावली. माथ्याच्या चार हात अलीकडे ती थांबते की काय असं झालं आणि मला जाणवलं की आई मागे बसल्या बसल्या पुढे झुकतेय, सगळं अंग माझ्या पाठीवर टाकून. गाडी पार झाली. मी ओरडलो, "शाब्बास!" आई म्हणाली, "झाली ना? मग झालं तर."

बिरवाडीत मावशीच्या दारात पिशवी खाली ठेवताना जरा निसटली आणि खणकन वाजली. आता तांदूळ कधी असे वाजतात काय? सुतळी सोडली. वर शेरभर तांदूळ होते, खरे. त्यांच्याखाली आमच्या घरचा वरवंटा. त्याच्याखाली लोखंडी खलबत्ता. आणि तळाला अंगणातल्या चुलीचे दोन दगड, एकाला अजून राख लागलेली.

मी आईकडे बघितलं. ती लाजली नाही की काही नाही. "वजन कमी पडायला नको म्हणून," म्हणाली, आणि आत गेली. आतून लगेच मावशीचं "अगो बाय, आलीस गो!" आणि मग दोघींचं ओरडणं सुरू झालं. मी दारात वरवंटा हातात घेऊन उभा. शेजारच्या खोलीतला एक कामगार ब्रश करता करता माझ्याकडे बघत होता. मला हसू येत होतं आणि आपल्याच थोबाडीत दोन माराव्यात असंही वाटत होतं.

दिवसभर कामात लक्ष लागलं नाही. सुपरवायझरनं दोनदा विचारलं, तब्येत बरी आहे ना? पाळी सुटल्यावर मावशीकडे गेलो तर आई एकटीच पायरीवर, चपला घालून. मावशी आतून खिडकीत. आई म्हणाली, "मला पोलादपूर स्टँडवर सोड. वर मी एस्टीनं येते."

"का?"

"चढ हाय ना. तुला जड होईन."

तिनं हे रागानं म्हटलं असतं तर बरं झालं असतं. ती अगदी साधेपणानं, सगळे जातात तसं आपणही जायचं, अशा सुरात म्हणाली. मी म्हटलं, "गप बस मागं." पिशवीही घेतली, दगडांसकट. हायवेला पंपावर थांबून टाकी पुरी भरली. किती वर्षांनी भरली असेल, पंपावरचा माणूसही दोनदा विचारून खात्री करून घेत होता.

घाटाला लागलो. गाडी दुसऱ्या गिअरमध्ये कण्हत होती. देवळापाशी, या बाजूनं जिथं जरासा उतार मिळतो तिथं आई सवयीनं म्हणाली, "बंद कर ना, उतार हाय." मी बंद केली नाही. थोडं पुढं गेल्यावर मी मान मागे करून, मावशीशी बोलतात तेवढ्या मोठ्यानं म्हटलं, "आई, पुढल्या शनिवारी येऊ आपण. आणि त्याच्या पुढल्यापण. दगड नको घेऊस. नुसती ये."

आई म्हणाली, "मागल्या दोन्ही शनिवारी नुसतीच उभी होते की रे दारात, लुगडं नेसून. तू काकाला घेतलंस."

मी आठवून बघितलं. काकांनी कुठला सदरा घातला होता तेही आठवलं. दारात कुणी उभं होतं का, ते काही केल्या आठवेना.