ओळ न् ओळ वाचणारी ताई

सासूच्या आजारपणात नऊ वर्षं घरी काढून ताई पुन्हा प्रोग्रामिंगच्या नोकरीत आली होती. तेव्हा ऑफिसात रक्तपेढीचा प्रोग्राम तयार व्हायचा, पण चालू केला की कोसळायचा. तीन दिवस सगळे आपापला कोड उकरत बसले. ताईने मात्र लायब्ररी, म्हणजे इतरांनी लिहिलेला तयार कोड, गोळा करून देणाऱ्या मेव्हन या साधनाकडून त्यांची पूर्ण यादी काढली आणि पेन्सिल घेऊन शांतपणे वाचली.

"आपण दोन लायब्ररी मागवल्या. दोघींनी तिसरी एकच सोबत आणली, पण एकीने जुनी, दुसरीने नवी. मेव्हन दोन्ही घेत नाही, आपल्यापासून कमी पायऱ्यांवर असलेली एकच धरतो, ती निघाली जुनी. आपलं काम येतं नवीलाच!"

तिने एका ओळीत नवी आवृत्ती ठरवून दिली. प्रोग्राम सुरळीत चालला.

"आम्हाला कसं दिसलं नाही?" साहेब ओशाळले.

"वाचलं असतं तर दिसलं असतं," ताई हसली.

दुसऱ्या दिवशी साहेबांनीच यादी छापून मागितली.